अर्ध्या वाट्याची मरळ

पुंडलिक, तुझा करदोडा तोडायचं काम माझ्याकडे आलं.

अंगणात तुला आंघोळ घालत होते. तुझे भाऊ पाणी ओतत होते, आणि कुणीतरी म्हणालं की कमरेचा दोरा तसाच राहिला आहे, तो काढा. मी जवळ उभा होतो म्हणून विळा माझ्या हातात आला. दोन वेढ्यांचा काळा करदोडा. खाली बोट घालून तो उचलला तर बोटाला एक गाठ लागली. बांधायची गाठ नव्हे, ती पुढं होती. ही पाठीकडं, दुसऱ्या वेढ्यावर, एकटीच. तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती कशाची आहे ते मला कळलं. ती पहिल्यांदा बांधलीस तेव्हा मी तुझ्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभा होतो. आणि त्याच दिवशी दुपारी, सासऱ्यांच्या ओसरीवर, मी काही पाहिलं नाही असं सांगितलं होतं.

ते वाक्य परत घ्यायला मला आठ-नऊ वर्षं मिळाली. मी घेतलं नाही. आता तू ऐकायला नाहीस तर लिहीत बसलो आहे. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

एकेरीत बोलतो आहे म्हणून रागावू नकोस. चारचौघांत मी तुला कधी अरेतुरे केलं नाही. वडनेरला तू पुंडलिकराव, थोरले जावई. मी मास्तर, धाकटे जावई. सासऱ्यांची थोरली लेक कौसल्याबाई तुझ्या घरी देऊळगावराजाला आली, धाकटी सुमन माझ्या अमडापूरच्या दोन खोल्यांत, म्हणून आपण साडू. पण पूर्णेच्या काठावर बैलांच्या मानेवरचं जू उतरलं की आपल्या बोलण्यातलं 'तुम्ही'ही उतरायचं. हे पत्र मी त्या काठावर बसूनच लिहितो आहे असं समज.

त्या घरचा रिवाज तुला सांगायला नको, पण आठवला की बरं वाटतं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी यायच्या. अखजीच्या दिवशी पितरांचं जेवण, पुरण आणि आमरस. दुसऱ्या दिवशी जावयांनी पूर्णेवरून मासे आणायचे. सासूबाई माळकरी, त्यांच्या चुलीवर मासा चढत नसे. सासरे अंगणात तीन दगड मांडून स्वतः शिजवायचे आणि आपल्या हातानं वाढायचे. ज्याचा मासा मोठा त्याच्या ताटात मुंडकं पडायचं. मुंडक्यात खायला काय असतं, असं तू दरवर्षी म्हणायचास. पण ताटं आली की ते कुणाच्या ताटात पडलं हे आधी बघायचास. मीही बघायचो.

ती गाठ बांधलीस त्या वर्षी महाराष्ट्र होऊन एकच वर्ष झालं होतं. शाळेत मी मुलांकडून नव्या राज्याचा नकाशा काढून घेत होतो आणि सासरे ओसरीवर बसून म्हणत होते की नकाशा कसाही काढा, आपलं वऱ्हाड ते वऱ्हाडच. तुझी बोली जालन्याकडं झुकलेली, 'का' विचारताना तू 'कामून' म्हणायचास आणि सगळं वडनेर 'काऊन'. त्यावरून मेव्हणे तुझी टर उडवायचे. तुझ्याकडची नदी चैतातच आटायची, त्यामुळं गळाचं तुला फारसं कळत नव्हतं. मला मात्र सगळं कळतं असा माझा समज होता. मी जालन्याहून गळाला लावायचा चिवट दोरा, तंगूस, मागवला होता, गळ पाजळून ठेवले होते आणि वाटेत गाडीत बसून तुला मरळ कशी धरायची याचं व्याख्यान दिलं होतं.

म्हसोबाच्या डोहावर सकाळी पोचलो. मला तासाभरात एक मरळ लागली, हातभर लांब. मी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि मनातल्या मनात ताटात मुंडकं वाढून घेतलं. तुझी काठी हलतही नव्हती. मला तुझी दया आली असं मी तुला त्या वेळी सांगितलं असतं, पण खरं म्हणजे मला शिकवायची हौस आली. पलीकडच्या खडकाजवळ पाण्यावर लालसर काहीतरी पसरलं होतं, सांडलेल्या मिरचीच्या भुकटीसारखं, आणि मधूनच ते उकळल्यासारखं वर यायचं. मी बोट दाखवलं. म्हटलं, तिथं टाक, गळाची बेडकी त्या लालात पडली पाहिजे, मरळ हमखास येते. ही युक्ती काठावरचा जो तो जाणतो. ते लाल म्हणजे काय हे मात्र मी तुला सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, आणि मलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

बेडकी पडली आणि पाणी फाटलं. काठी कमानीसारखी वाकली, तू दोन पावलं पाण्यात ओढला गेलास. आपण दोघांनी मिळून तिला किती वेळ खेळवलं ते मला सांगता येणार नाही. तंगूसनं तुझा तळहात कापला होता. शेवटी ती उथळात आली तेव्हा मी काठी टाकून पाण्यात उतरलो आणि तिची शेपटी दोन्ही हातांनी धरली. हातांत मावत नव्हती. पुंडलिक, एवढी मरळ मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. अंगावर काळे-पांढरे ठिपके, डोकं माझ्या पंजाहून रुंद, आणि ती तोंड उघडून हवा घेत होती, घाई नसल्यासारखी. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं, म्हणून तू तिच्यावर ओंजळीनं पाणी घालत होतास.

किती लांब आहे ते मोजू, असं मीच म्हणालो. मोजायला काही नव्हतं. तू धोतराची गाठ सैल केलीस, करदोडा सोडलास आणि तिच्या तोंडापासून शेपटीपर्यंत धरलास. शेपटीजवळचं टोक मी धरलं होतं. जिथं दोरा संपला नाही आणि मासा संपला तिथं तू गाठ मारलीस. आपण हसलो. सासऱ्यांना ताट पुरणार नाही, परात लागेल, असं काहीतरी मी बोललो.

मग तू पाण्याकडं पाहिलंस. ते लाल आता काठाजवळ आलं होतं. शेकडो बोटभर पिल्लं, एकाच जागी घोटाळत होती, वर येत होती, खाली जात होती. तू वाकून पाहिलंस आणि मला विचारलंस हे काय. मी सांगितलं, हिची पिल्लं. मरळ पिल्लं राखते, पिल्लांत काही पडलं की धावून येते, म्हणून तर तिथं टाकायला सांगितलं.

तू पुन्हा तिच्याकडं पाहिलंस. मग म्हणालास, "म्हणजे ही भुकेनं आली नाही. रागानं आली."

मी म्हटलं, कशानंही येईना, आली तर खरी. तू गळ काढायला बसलास. मला वाटलं पुढच्या तयारीसाठी. काढलास, तिच्या तोंडावरून हात फिरवलास आणि दोन्ही हातांवर घेऊन पाण्यात उतरलास. मी ओरडलो. आधी पुंडलिकराव म्हणून ओरडलो, मग नुसतं नावानं, मग जे तोंडाला आलं ते. तू तिला त्या लालाच्या शेजारी सोडलंस. ती लगेच गेली नाही, तिथंच पाण्यात थबकली. पिल्लं तिच्या डोक्याभोवती गोळा झाली. आणि तू करदोडा बांधत वर आलास.

तिथून जो वाद सुरू झाला तो तू गेलास तरी संपलेला नाही. माझी बाजू मी अजूनही सोडलेली नाही, हे आधीच सांगतो. सोडायचीच होती तर गळ कशाला टाकला? मासा धरायचा, दमवायचा, तोंड फाडायचं आणि वर पुण्य घ्यायचं, हे मला पटत नाही. घरी बारा माणसं जेवायची होती. नदीतला मासा आपण सोडला म्हणून तो वाचत नाही, उद्या दुसऱ्या कुणाच्या परातीत पडतो. हे सगळं मी तुला गाडीत, परतीच्या वाटेवर, बैल हाकत सांगितलं. आणि शेवटी म्हणालो की शेपटी मी धरली होती, अर्धी मरळ माझी होती, तुझा अर्धा वाटा तू खुशाल सोड, माझा कुणाला विचारून सोडलास?

तू त्याला उत्तर दिलं नाहीस. आधीच्याचं दिलंस. "टाकताना मला माहीत नव्हतं ती कामून येते," असं म्हणालास. "तुला माहीत होतं."

हे लागलं मला. खोटं कशाला सांगू. पुढं मी जे केलं त्याचं मूळ तिथं आहे, आणि थोडं त्या मुंडक्यातही.

घरी पोचलो तेव्हा तू सगळं सरळ सांगितलंस. मोठी लागली होती, पिल्लांवर होती, सोडली. सासरे हसले. तू पुरावा म्हणून करदोड्याची गाठ दाखवायला गेलास आणि सगळाच घोटाळा झाला. सासूबाई जावयांशी थेट बोलत नसत, दाराआडून भिंतीकडं पाहून बोलत. त्या भिंतीला म्हणाल्या, "जवायानं वाहत्या पाण्यात करदोडा सोडला? माह्या लेकीचं कुंकू हाय त्याच्यात, हे त्याह्यले समजत नाही काय?" मग मासा राहिला बाजूला. कौसल्याबाईंना तुझी दृष्ट काढावी लागली, मीठमोहऱ्या चुलीत तडतडल्या, आणि तू अपराध्यासारखा ओसरीवर बसून राहिलास. सासरे पुन्हा हसत तुझ्याकडं आले. लांबी ऐकून त्यांना पटत नव्हतं. एवढी मरळ त्यांनी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. ते माझ्याकडं वळले.

"मास्तर, तुमी खोटं बोलणार नाही. तुमी पाह्यली काय?"

माझी हातभर मरळ तेव्हा अंगणात खवले काढून ठेवली होती. तू माझ्याकडं पाहिलंस. विनवणीनं नव्हे, सहज, पाणी मागितल्यावर माणूस तांब्याकडं पाहतो तसं. आणि मी म्हणालो की मी बाभळीखाली पडलो होतो, डोळा लागला होता, मी काही पाहिलं नाही.

तू नजर खाली केलीस एवढंच. मुंडकं माझ्या ताटात पडलं. ते मी खाल्लं. आता सांगायला हरकत नाही, त्यात खरंच काही नसतं.

तुला वाटलं असेल एक दिवसाची चेष्टा आहे, मलाही तेच वाटलं होतं. पण बोलणाऱ्यांची तोंडं धरता येत नाहीत. त्या घरात 'पुंडलिकरावाची मरळ' ही म्हणच झाली. कुणी पाऊस जास्त सांगितला, कुणी पीक जास्त सांगितलं, की पुंडलिकरावाची मरळ. लहान पोरं म्हणायची, त्यांना अर्थही ठाऊक नसायचा. तू त्यांच्याबरोबर हसायचास. सासऱ्यांनी तुझ्याकडच्या बाजारातला एक बैल पसंत केला, तेव्हा तू सांगितलंस की तो मागच्या पायानं अधू आहे, मी त्याला औताला पाहिलं आहे. सगळे हसले, मरळ म्हणाले आणि बैल आणला. तो त्या हंगामातच बसला. तेव्हाही तू 'सांगितलं होतं' असं म्हणाला नाहीस. मी म्हणायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो, कारण तुझा शब्द खरा म्हणायला लागलो असतो तर पहिल्या शब्दापर्यंत मागं जावं लागलं असतं.

आणि याच माणसाकडं तू तुझी शांता पाठवलीस. सातवीसाठी तिला आमच्याकडं ठेवताना तुझ्या भावांनी कुरकुर केली, मुलीला परगावी कशाला. तू त्यांना म्हणालास की मास्तर म्हणतात ती हुशार आहे, मास्तरांचा शब्द आहे. हे मला सुमननं सांगितलं. तू माझ्या शब्दाला एवढी किंमत का दिलीस ते मी तुला कधी विचारलं नाही. शांता पास झाली, आता दोन वर्षांत स्वतः मास्तरीण होईल. हे तुझे उपकार की माझे, याचा वाद मी घालणार नाही.

काठावरचा वाद मात्र आपण चालू ठेवला, आणि तो मला मनापासून आवडायचा. गाडी हाकताना, गळ टाकून बसलेले असताना. तू म्हणायचास, भुकेनं आलेला मासा खुशाल घ्यावा, तो आपल्यासारखाच पोटाच्या मागं आला. पिल्लासाठी आलेला घेऊ नये. तो फसलेला नसतो, भांडायला आलेला असतो. मी म्हणायचो, माशाला असले भेद कळत नाहीत. तू म्हणायचास, आपल्याला कळतात ना. एकदा तू ज्वारीवर आलास. खळ्यात सगळ्यांत भरलेलं कणीस आपण बियाण्याला बाजूला काढतो, ते कुणी भाजून खातं का? मी म्हटलं, ते बी तू तुझ्या वावरात पेरतोस, नदी काय तुझं वावर आहे? यावर तू दोन दिवस विचार केलास आणि तिसऱ्या दिवशी म्हणालास, कुणाचंच नसलेलं वावर तर जास्तच जपावं लागतं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता लिहिताना वाटतं की तू जिंकला होतास.

मग मी कुठंतरी वाचलं की मरळीची पिल्लं राखणारा पुष्कळदा नर असतो. मला वाटलं, आता पुंडलिकला धरलं. तू मारे आई आई म्हणून सोडलीस, तो तर बाप निघाला. तुला सांगितलं तर तू काठी खाली ठेवलीस आणि पोट धरून हसलास. "मग तर सोडायलाच पाहिजे व्हती, मास्तर. पिल्लं राखणारा बाप कुठं रोज दिसतो?"

तो उन्हाळा आठवतो ज्यात डोहात बार उडवले? विहिरी खणणाऱ्या कुणी तरी सुरुंग आणले आणि म्हसोबाच्या डोहात टाकले. अखजीसाठी तू चार दिवस आधीच वडनेरला आला होतास, मी यायचा होतो. लोक पाट्या भरून मासे नेत होते, आणि तू, थोरला जावई, पांढऱ्या शर्टानं चिखलात उतरून मेलेल्या प्रत्येक मोठ्या मरळीला करदोडा लावून पाहत होतास. सगळ्या गावानं पाहिलं. सासूबाईंनी पुन्हा भिंतीला सुनावलं. मी आलो तेव्हा मेव्हण्यांनी मला हसून हसून ही गोष्ट सांगितली. मला हसू आलं नाही, पण मी हसलो.

दुसऱ्या दिवशी काठावर तू मला एवढंच सांगितलंस की गाठीपर्यंत एकही पोचली नाही. तुला केवढा आनंद झाला होता. मी लगेच माझा मुद्दा काढला. म्हटलं, ती वाचली असेल किंवा वाहून गेली असेल, पण बाकीच्या गेल्या ना? सोडून काय मिळालं? त्या दिवशी खाल्ली असती तर निदान खाल्ली असं तरी झालं असतं. आणि नेहमीसारखं वर म्हणालो, अर्धी माझी होती.

तू डोहाकडं पाहत होतास. माझ्याकडं वळलाही नाहीस. "न पाहिलेल्या मरळीत अर्धा वाटा कसा मागतोस, मास्तर?"

तेवढं एकदाच. एवढ्या वर्षांत तेवढं एकच वाक्य. तुझ्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त झोंबलं. मी बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं उठलो. परत आलो तेव्हा तू आमिष लावत होतास आणि पावसाविषयी बोलायला लागलास. मला सुटका करून दिलीस. तेव्हा मी ती घेतली, आणि आज तिचीच मला चीड येते.

माघात तुला भेटायला आलो तेव्हा तू खाटेवर होतास. पोटाचं दुखणं तुझ्या चेहऱ्यावर आलं होतं. एस.टी.त बसल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. देऊळगावराजाच्या थांब्यावर उतरेपर्यंत ते पाठ झालं होतं. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, शांताचा अभ्यास कसा आहे. मी तासभर शांताच्या अभ्यासाबद्दल बोललो. निघताना तू म्हणालास, अखजीला डोहावर जाऊ. मी म्हटलं, जाऊ. मला वाटलं तिथं सांगू, तिथं सोपं जाईल.

अखजी अजून यायची आहे.

आता गाठीचं सांगतो. तोडलेला करदोडा तुझ्याबरोबरच जायचा होता, तो मला ठेवून घेता येणार नव्हता. सगळे तिरडी बांधण्यात गुंतले होते. मी गोठ्यामागं गेलो, माझा स्वतःचा करदोडा सोडला, तुझ्याला लावून धरला आणि गाठीपाशी गाठ मारली. सासूबाईंनी पाहिलं असतं तर भिंत पडली असती. नंतर मी कौसल्याबाईंना विचारलं की इतकी वर्षं तोच दोरा कसा टिकला. त्या म्हणाल्या, तोच नाही, दर पोळ्याला बैलांना नवे दोर आणले की तूही नवा करदोडा बांधायचास, आणि आधी जुना त्याच्या शेजारी ठेवून मापानं गाठ मारायचास. त्यांना ती नवसाची वाटली होती. नवस सांगू नये म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

दर पोळ्याला. आणि मला इकडं दर वर्षी वाटत राहिलं होतं की तू विसरलास.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मी सासऱ्यांजवळ जाऊन बसलो. ते आता थकले आहेत, हातात काठी असते. तुझ्या घरच्या ओसरीवर मेव्हणे होते, तुझे भाऊ होते. मी सरळ सांगितलं. मरळ खरी होती. मी बाभळीखाली नव्हतो. शेपटी माझ्या हातांत होती, माप घेताना दोऱ्याचं टोक मी धरलं होतं. सांगताना मला वाटत होतं की आता गोंधळ होईल, मला बोलतील. बोलावं अशीच इच्छा होती.

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या, मास्तर. गेलेल्या माणसासाठी तुमी हे म्हणून राह्यले, मले समजते. मोठं मन हाय तुमचं."

मी म्हटलं, नाही, हे खरं आहे. मी गाठ दाखवली. मेव्हण्यानं ती पाहिली आणि हळूच म्हणाला, मास्तर, ही तर तुमच्या करदोड्याला आहे. आता त्याला मी काय सांगणार होतो? गाठ कुणीही मारू शकतं. पोरं कोपऱ्यात काहीतरी पुटपुटून हसली आणि मोठ्यांनी त्यांना दटावलं. ते काय म्हणाले ते मला ऐकायची गरज नव्हती. त्या क्षणी ओसरीवर मी तुझ्या जागी बसलो होतो, पुंडलिक. खरं सांगत होतो, आणि सगळे माझ्याकडं प्रेमानं, समजुतीनं पाहत होते. किती एकटं वाटतं ते आता कळलं. तू वर्षानुवर्षं त्यात हसत कसा राहिलास?

एका माणसानं विश्वास ठेवला. मी निघताना कौसल्याबाई दारात आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. कपाळ मोकळं, त्यामुळं त्यांच्याकडं पाहवत नव्हतं.

"मास्तर, मले एकच सांगा. ते होते तवा काऊन नाही सांगतलं?"

मी तिथं उभा राहिलो. शाळेत उत्तर न येणारा मुलगा उभा राहतो तसा. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग शांताचे कपडे माझ्या पिशवीत भरून दिले आणि आत गेल्या.

अखजीला मी डोहावर जाणार आहे. या वर्षी तुझा दुखवटा, सासरे मासे शिजवणार नाहीत, मुंडक्याचा प्रश्नच नाही. गळ नेईन की नाही ते अजून ठरवलं नाही. वाद तसाच आहे. सोडायचीच असेल तर धरू नये, असं मला अजून वाटतं, आणि तू समोर असतास तर मी तुला दिवसभर ते पटवत बसलो असतो. पण खडकाजवळ लाल दिसलं तर तिथं टाकायला मी आता कुणाला सांगणार नाही. एवढं मी तुझ्याकडून शिकलो, तेही उशिरा.

आणि ते वाक्य. ओसरीवर नव्हे, तुला. मी पाहिली होती, पुंडलिक. तू तिला पाण्यात सोडलंस, ती पिल्लांशेजारी थबकली, ते सगळं मी उभ्यानं पाहिलं. अर्धी माझी होती हे खरं आहे. तो अर्धा वाटा मी आज सोडला. तुझ्या अर्ध्याच्या मागोमाग तोही जाऊ दे.